सड्यावरच्या चौदा लगोऱ्या

ही हकीकत सांगायचं मी अकरा वर्षं टाळत आलो. विचारणारे कमी नव्हते. पावसच्या पुढे समुद्राच्या कड्यावरून जाणारी आमची पायवाट आता बऱ्याच लोकांना ठाऊक झाली आहे. मुंबई-पुण्याहून माणसं येतात, शाळांच्या सहली येतात. वाटेच्या सुरुवातीला गावाने फलक लावला आहे. त्यावर माझं नाव वाचून कोणीतरी फोन नंबर शोधून काढतं आणि विचारतं, "सर, ही वाट तुम्हाला सापडली कशी?" माझं उत्तर ठरलेलं असतं. आयुष्यभर भूगोल शिकवला, निवृत्तीनंतर फिरायला लागलो, नजर होती. एवढं सांगून मी पाणी सोबत घ्या, टोपी घाला, असं म्हणत विषय बदलतो.

फलकावरचं नाव चुकीचं आहे. ती वाट मला सापडलेली नाही. मला ती दाखवली गेली.

दाखवणारे आमच्याच शाळेतले गणिताचे शिक्षक. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. शिक्षकांच्या खोलीत आम्ही एकमेकांना विषयाच्या नावानेच हाक मारायचो. ते मला भूगोल म्हणायचे, मी त्यांना गणित. ती सवय शेवटपर्यंत राहिली, म्हणून इथेही मी त्यांना गणितसर म्हणणार आहे.

निवृत्त झाल्यावर आमच्या वयाची माणसं रत्नागिरीत काय करतात, तर संध्याकाळी बागेत फेऱ्या मारतात. मीही वर्षभर मारल्या. त्या गोल रस्त्यावर चार फेऱ्या झाल्या की बाकावर बसायचं आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं एकमेकांना सांगायची. एकदा गणितसर माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय भूगोल, पृथ्वी गोल आहे एवढं पटलं ना आता? किती प्रदक्षिणा घालणार? रविवारी सकाळी एसटी स्टँडवर या. जगाची कड दाखवतो."

त्या रविवारी आम्ही पावसच्या पुढे एका फाट्यावर उतरलो. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. गणितसरांचा जन्म त्याच गावातल्या बौद्धवाडीतला. वाडीमागून एक पाणंद चढते, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, पुढे आंब्याची बाग, आणि बाग संपली की एकदम सडा. ज्यांनी सडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैलभर पसरलेला उघडा काळा कातळ, झाड नाही, सावली नाही, वर नुसतं आकाश. चालत चालत तुम्ही त्याच्या पश्चिमेच्या टोकाला जाता आणि तिथे जमीन अचानक संपते. खाली शंभर-सव्वाशे फुटांवर समुद्र. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी कडेच्या चार पावलं आधीच खाली बसून घेतलं. पस्तीस वर्षं मी मुलांना फळ्यावर पश्चिम किनारपट्टी काढून दाखवली होती. अर्ध्या तासाच्या अंतरावर ती अशी उभी आहे, हे मला माहीत नव्हतं.

गणितसरांना तिची इंच न् इंच माहिती होती. कुठल्या घळीतून खाली उतरता येतं, कुठल्या कपारीत समुद्रगरुडाचं घरटं असतं, कुठे कातळाला भोक आहे आणि भरतीच्या वेळी त्यातून पाणी फुंकर मारल्यासारखं वर येतं. वाटेचा एक तुकडा कड्याच्या पायथ्याने, खडपावरून, म्हणजे भरतीत बुडणाऱ्या खडकांवरून जातो. तिथून फक्त ओहोटीतच जाता येतं. त्यासाठी ते घड्याळ नव्हे, तिथी विचारायचे.

"आज काय, पंचमी ना? पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती. म्हणजे साडेनऊ-पावणेदहाला पाणी पार मागे. चला भूगोल, तास आहे हातात."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे इथल्या खलाशांना आणि कोळ्यांना लहानपणापासून येतं. मला ते साठाव्या वर्षी पाऊणकीचा पाढा विसरलेला असताना शिकावं लागलं. मी चुकलो की ते वर्गात म्हणायचे तसं म्हणायचे, "बसा खाली."

ही सगळी वाट त्यांना कळली आईमुळे. बौद्धवाडीतल्या बायका ओहोटीला खडकांना चिकटलेली कालवं काढायला याच वाटेने जायच्या. डोक्यावर टोपली, हातात छोटी कोयती. गावातल्या सरळ रस्त्याने जाणं त्या काळी त्यांना सुखाचं नव्हतं, म्हणून त्यांनी कड्याकडेने स्वतःची वाट पाडली. गणितसर पाच-सहा वर्षांचे असताना आईच्या मागे मागे चालत. "ती कधी वळून बघायची नाही," ते सांगायचे. "म्हणायची, माझ्या टाचांकडे बघ, समुद्राकडे बघू नको." मी नंतर जिला माझी वाट म्हणू दिलं, ती ही वाट.

दोन वर्षं आम्ही दोघं प्रत्येक रविवारी चाललो. मग माझ्याच डोक्यात आलं की ही वाट लोकांना दाखवली पाहिजे. त्याचं श्रेय मी घेतो, ते माझं आहे. मी नकाशा काढला, दोन बागमालकांकडे जाऊन बागेतून जाण्याची परवानगी मागितली, गावातल्या मानकऱ्यांना भेटलो. अडचण एकच होती. कातळावर पाऊल उमटत नाही. सड्यावर पायवाट दिसतच नाही. नवखा माणूस तिथे सरळ कड्याकडे जाईल किंवा गोल गोल फिरत राहील.

त्यावर उपाय गणितसरांनी काढला. दिवाळीनंतर गवत वाळलं, तेव्हा त्यांनी सड्यावर दगडांच्या लगोऱ्या रचल्या. खाली रुंद दगड, त्यावर चपटा, सगळ्यात वर एक निमुळता, ज्याचं टोक पुढच्या लगोरीकडे. एका लगोरीपाशी उभं राहिलं की पुढची दिसलीच पाहिजे, असं मोजून ठेवलेलं अंतर. अशा चौदा. मी मदतीला होतो, पण माझे दगड डुगडुगायचे. ते शांतपणे माझी लगोरी उतरवायचे, खालच्या दगडाच्या पोटात बोटाएवढी कपची सारायचे आणि पुन्हा रचायचे. मग वर हात ठेवून दाबायचे. दगड हलायचा नाही. चौदाव्या लगोरीपाशी आम्ही मागे वळून पाहिलं तेव्हा त्या ओसाड कातळावर एक ओळ दिसत होती, कोणीतरी खडूने काढल्यासारखी. मी पुष्कळ सत्कार पाहिले, पण त्या दिवसाइतका अभिमान मला परत वाटला नाही.

शिमग्याच्या सुमाराला नवव्या लगोरीवर जास्वंदीचं फूल दिसलं. आम्हाला वाटलं, कोणा येणाऱ्या-जाणाऱ्या मुलीने ठेवलं असेल. पुढच्या रविवारी नारळाची शकलं होती. एप्रिलमध्ये शेंदूर फासलेला. आंब्याच्या दिवसांत सड्यावरून ये-जा करणाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं की हा राखणदार आहे. नववी लगोरी कड्याच्या सगळ्यात जवळ होती, खालून जाणाऱ्या होड्यांनाही दिसायची. त्यामुळे मान तिलाच मिळाला. बाकीच्या तेरा उपाशी.

गणितसर कंबरेवर हात ठेवून हसत सुटले. "भूगोल, माझ्या हातून देव घडला हो! वाडीत कळलं तर मला विहारात उभं करतील. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाचा मुलगा मी."

"मग काढून टाकायची का?"

"राहू दे. टोक तर बरोबर दिशेला आहे. देव वाट दाखवतोय तोवर माझं भांडण नाही."

त्या वर्षीचा पाऊस मोठा होता. सप्टेंबरात आम्ही पुन्हा जायला लागलो तेव्हा सड्यावर सीतेची आसवं म्हणतात त्या चिमुकल्या फुलांची जांभळी चादर पसरली होती. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी वाट सगळ्यांसाठी खुली करायचं ठरलं. दोन शाळांची मुलं येणार होती, तालुक्याची मोठी माणसं येणार होती, फलक रंगवून तयार होता. त्यावर तेव्हा दोन नावं होती.

त्याआधीच्या आठवड्यात, गुरुवारी, मी एकटाच पाहणी करायला गेलो. नवव्या लगोरीपासून चार पावलांवर कातळाला हातभर रुंद भेग पडली होती. खाली डोकावून पाहिलं तर भेगेतून समुद्राचा आवाज येत होता. ऐंशी मुलं तिथे फोटो काढायला गोळा होणार, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी फुलं बाजूला केली, नारळाची शकलं बाजूला केली, एकेक दगड उचलून तीस पावलं आत नेला आणि तिथे लगोरी रचली. हाताला शेंदूर लागला होता, तो डबक्यातल्या पाण्यात धुतला. मी केलं ते बरोबर होतं. आजही तेच करीन. गावाला सांगायला हवं होतं, ते राहिलं. गणितसरांना सांगायलाही राहिलं, त्यांचा फोन लागला नाही एवढंच कारण.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेही आपणहून पाहणीला गेले. भेग पाहिली, लगोरी हलवलेली पाहिली. ती नेहमीसारखी डुगडुगत होती, त्यामुळे कोणी हलवली हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. त्यांनी तिथे बसून ती उतरवली, कपची घातली आणि नीट रचली. बागेच्या राखणीला असलेल्या माणसाने त्यांना नेमकं तेव्हा पाहिलं.

त्याच शुक्रवारी गावातल्या एका होडीचं जाळं खडपात अडकून फाटलं, आणि तो देव हलवल्याचा कोप ठरला. शनिवारी सकाळी देवळात सभा बसली.

मला फोन करून बोलावलं, कारण वाट माझी समजत होते. गेल्यावर सभामंडपात खुर्ची दिली. गणितसर शुक्रवारी वाडीतच मुक्कामाला राहिले होते, त्यांना तिथून बोलावून आणलं होतं. ते पायऱ्यांखाली अंगणात उभे होते. वर या, असं त्यांना कोणी म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही. माझा पहिला गुन्हा तोच.

बागेचा राखण्या म्हणाला, "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. हे देव मांडीवर घेऊन बसले होते."

"मांडीवर नाही," गणितसर म्हणाले. "दगड हलत होते. मी बसवले."

"पण जागेवरनं काढलान कुणी?" मानकऱ्यांनी विचारलं.

मागून कोणीतरी बोललं, "ह्यांच्या वाडीला आपल्या देवाचं काय पडलंय!"

"त्या देवाची लगोरी पहिल्यांदा मीच रचली होती," गणितसर म्हणाले. दोघं-तिघं हसले. मानकरी हसले नाहीत.

"ते राहू दे. आता जागेवरनं काढलान कुणी, ते सांगा."

गणितसरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतंय हे माहीत असलेला शिक्षक जसा थांबतो, तसे ते थांबले. मी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागलो. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते लिहितो, कारण त्यासाठीच हा लेख आहे. बोललो तर बागमालक वाट बंद करतील. आठ दिवसांवर आलेला कार्यक्रम मोडेल. पाहुण्यांना काय सांगायचं? एवढा विचार तर होताच. त्याच्या खाली आणखी एक होता. ती खुर्ची सोडून मला अंगणात उतरायचं नव्हतं.

मानकरी मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही जाणते. तुम्ही काही असं करणार नाय."

मी चष्मा पुसत राहिलो.

गणितसर म्हणाले, "कुणी काढलान ते सांगायचं काम माझं नाही."

सभेने त्याचा अर्थ लावायचा तो लावला. गुरवाने देवाच्या डाव्या-उजव्या अंगाला फुलं चिकटवून कौल लावला. लगोरी जिथे आहे तिथेच ठेवायची का, असं विचारलं, आणि उजवं फूल पडलं. म्हणजे मी निवडलेली जागा देवाला मान्य झाली. ती बदलणारा माणूस मात्र गावाला मान्य झाला नाही. गणितसरांनी यापुढे सड्यावरच्या दगडांना हात लावायचा नाही आणि वाटेच्या कामात राहायचं नाही, असं ठरलं. फलकावरचं एक नाव खोडायला सांगितलं. रंगाऱ्याला तो निरोप मीच दिला.

फाट्यावर एसटीची वाट पाहत आम्ही दोघं उभे होतो. गाडी वळणावर दिसली तेव्हा ते म्हणाले, "भूगोल, कौलाला लावलेल्या फुलासारखे बसला होतात. ना डावं, ना उजवं. देवसुद्धा शेवटी एका बाजूला पडला हो." गाडीत ते पुढच्या सीटवर बसले. त्यानंतर आम्ही कधी एकत्र चाललो नाही.

आठ दिवसांनी, ठरलेल्या रविवारी कार्यक्रम झाला. मुलं ओळीने लगोरी ते लगोरी चालली, एकही चुकलं नाही. एक मुलगी नवव्या लगोरीला हात लावून म्हणाली, "सर, हे किती घट्ट बसवलंय!" पाहुण्यांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि फोटो निघाला. तो आमच्या दिवाणखान्यात आहे.

पुढच्या पावसाळ्यात भेगेपलीकडचा कडा खाली गेला. रात्री आवाज झाला, सकाळी तिथे आकाश होतं. गावात बोललं गेलं की राखणदाराने आधीच ओळखून आपली जागा बदलून घेतली. आता तर खरं सांगितलं असतं तरी कोणी रागावलं नसतं, उलट शाबासकीच मिळाली असती. गणितसरांचं नाव त्याच दिवशी मोकळं झालं असतं. मी तेव्हाही बोललो नाही. पहिल्या वेळी भीती होती असं म्हणता येईल. दुसऱ्या वेळी तीही नव्हती. हार घालून घेतल्यावर तो कोणत्या तोंडाने काढायचा, एवढंच होतं.

ज्या कातळावर ते आईच्या टाचांकडे बघत चालायला शिकले, तिथे ते दहा वर्षं गेले नाहीत. वाडीत लग्नकार्याला जायचे, सड्याकडे वळायचे नाहीत. बाजारात भेटले तर मान हलवायचे. मी तीनदा त्यांच्या घरी गेलो. तिन्ही वेळा चहा झाला, वहिनींनी मुलांची चौकशी केली, आणि मी उठलो.

चौथ्यांदा गेलो ते गेल्या वर्षी, दिवाळी झाल्यावर. त्यांना श्वासाचा त्रास होता, उशा टेकून बसवलं होतं. मी काय बोलायचं ते घरून पाठ करून निघालो होतो, रिक्षातही दोनदा म्हणून पाहिलं होतं. खुर्चीवर बसलो आणि त्यांनीच विचारलं, "लोक चालतात?"

"चालतात."

"पोरी येतात? शाळेतल्या?"

"येतात की. गेल्या महिन्यात चाळीस आल्या होत्या. त्यांच्या बाई म्हणाल्या, एवढी चांगली आखलेली वाट आम्ही कुठे पाहिली नाही."

त्यांचा चेहरा उजळला. ते मला एकेक विचारत गेले. घळीतल्या उतारावर पायऱ्या खोदल्या का, केवड्याचं बन आहे ना अजून, समुद्रगरुड येतो का. मी सांगत गेलो. दोन म्हातारे त्या खोलीत बसल्या बसल्या पूर्ण वाट चाललो. खालच्या खडपापर्यंत पोचल्यावर ते हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले. "आई असती ना, तर म्हणाली असती, चालायला येतात म्हणजे? टोपली नाय, कोयती नाय, हात हलवत येतात आणि हात हलवत जातात?"

मीही हसलो. इतक्या वर्षांनी ते माझ्यासमोर हसत होते. ते मोडवेना. मनात म्हटलं, आता हसू ओसरलं की बोलतो. तेवढ्यात त्यांची मुलगी औषध घेऊन आली आणि म्हणाली, "काका, बाबांना जरा पडू दे." मी उठलो. त्यांनी हात पुढे केला, मी तो धरला. तेव्हाही बोलता आलं असतं, मुलगी समोर असली म्हणून काय झालं. मी "येतो" म्हणालो. ते म्हणाले, "या."

आठव्या दिवशी ते गेले.

मी पाठ केलेली वाक्यं फार नव्हती. लगोरी मी हलवली, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तुम्ही मला पकडून दिलं नाही. त्या अंगणात तुमच्या शेजारी येऊन उभं राहणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. वाट तुमची आहे, तुमच्या आईची आहे. सर, मला माफ करा.